दार माझ्या हातात होतं

॥ श्री ॥

गास, नालासोपारा (प.)
६ एप्रिल २०२५, रामनवमी

चि. जयराम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज तिथीने तुला अठ्ठेचाळीस पुरी झाली. मीराने सुंठवडा केला होता. तुझ्या वाट्याचा मी खाल्ला, तेव्हा चिंता नसावी. तुझी बायको बरी आहे, फक्त रविवारी तुझा फोन येऊन गेला की तासभर कुणाशी बोलत नाही. आम्ही सात जण त्या एका फोनभोवती बसतो आणि तू सातही जणांना मिळून ‘बरं आहे’ एवढंच सांगतोस. एका शब्दाचे सात वाटे करून किती पुरणार? म्हणून हे पत्र. पत्राला कान लावून कुणी बसत नाही, मनातलं लिहावं.

आता बातमी ऐक. गेल्या महिन्यात पेपरात चार ओळी आल्या. अकराव्या पानावर, फर्निचरच्या जाहिरातीखाली. आफ्रिकेतल्या शांतिसेनेच्या छावणीत भारतीय सुभेदाराने चारशे लोकांना आत घेऊन वाचवलं, एवढंच. नाव नव्हतं. पण तुझ्या मेजरसाहेबांच्या घरून मीराला फोन आला आणि ते नाव आपल्या घरचं निघालं. मी कात्रण कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय.

बॅप्टिस्टला हे कळल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नाहीत. शाळेत तुझ्या बाकावर बसून तुझी गणितं उतरवणारा हा मुलगा आता मंडळाचा अध्यक्ष आहे, हे विसरू नकोस. तू परत आलास की शाळेच्या पटांगणात जाहीर सत्कार करायचा ठरलाय. बॅनरचा मजकूरही त्याने केला आहे, ‘गावचा शूर सुपुत्र’. फोटो माझ्याकडून नेला तो तुझ्या लग्नाच्या आधीचा. मी म्हटलं की आता याचे केस पिकलेत, तर म्हणतो बॅनरवर केस काळेच शोभतात.

सुकेळी पाठवली आहेत, बॅप्टिस्टच्या आईच्या, एलिसामायच्या हातची. पंच्याऐंशी वर्षांच्या म्हातारीने मांडवावर चढून केळी वाळवलीत, तेव्हा एकट्याने खाऊ नकोस.

तब्येतीला जप. तुझ्यावरची माया कमी होण्यासारखी नाही, तूही आठवण ठेव.

तुझी ताई,
हेमांगी

*

॥ श्री ॥

छावणीतून
२७ एप्रिल २०२५

तीर्थरूप ताईस,
जयरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र आणि सुकेळी पोचली. आमच्या प्लाटूनमध्ये एकेकाला अर्धं अर्धं आलं. रेडिओवर बसणारा लेस्ली गोव्याचा आहे. खाल्ल्यावर त्याने वरचं केळीचं पान घडी करून खिशात ठेवलं. एलिसामायला सांग.

हे पत्र सुट्टीवर निघालेल्या हवालदाराकडे देतो आहे, तो दिल्लीला पेटीत टाकेल. देशाचं नाव लिहायला मनाई आहे. इथे दोन जमाती आहेत. एकीच्या हातात सरकार आणि बंदुका आहेत. त्यांचा रेडिओ दुसऱ्या जमातीला ‘गवत’ म्हणतो आणि पाऊस येण्याआधी गवत कापा, असं रोज सकाळी सांगतो. डिसेंबरपासून आम्ही दर संध्याकाळी वर अहवाल पाठवतो. आज इतकी गावं जाळली, इतकी प्रेतं मोजली. वरून उत्तर येतं, नोंद घेतली आहे. फेब्रुवारीत कळवण्यात आलं की अहवालात ‘संहार’ लिहू नका, ‘चकमकी’ लिहा. ताई, एका बाजूला बंदूक आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर चूल घेऊन पळणारी बाई असेल, तर त्याला चकमक कसं म्हणायचं, हे आपल्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. पण मी लिहिलं. हुकूम होता.

सुरुवातीला वाटायचं, कुणीतरी वाचेल आणि कुमक येईल. एकदा विमान आलं. त्यातून आम्हाला नवे फिल्टर आणि खुर्च्या आल्या.

सत्काराचं मात्र थांबव. बॅप्टिस्टला माझ्या वतीने हात जोड. चारशे माणसं आत आली हे खरं आहे. पण ती बातमी शुक्रवारची, १४ मार्चची. आपल्याकडे धुळवड होती त्या दिवसाची. त्याच्या आधी बुधवार होता. बुधवारचं कुणी छापलं नाही, आणि मलाही लिहिता येत नाही.

मीराला म्हणावं, खरंच बरं आहे. जेवतो, झोपतो. जपाची माळ मात्र हातात घेत नाही हल्ली.

तुझ्या पायाशी जागा असू दे.

तुझा,
जयराम

*

॥ श्री ॥

गास
१८ मे २०२५

चि. जयराम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मीराला वाचून दाखवलं, शेवटचा परिच्छेद सोडून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की ताई, कागदाला दोन बाजू आहेत आणि तुम्ही दीडच वाचली. मग उरलेलं तिचं तिने वाचलं. अशा बाईपासून काही लपवायचं तर तू आणखी लांबच्या देशात जायला हवंस.

बॅप्टिस्ट रुसला आहे. बॅनर छापून आला होता, वीस फुटांचा. त्याचं म्हणणं असं की जयराम लहानपणापासून असाच लाजाळू, शाळेत पहिला आला तेव्हाही बाकाखाली लपला होता, त्याचं काय ऐकायचं. मी त्याला एवढंच म्हटलं की हे लाजणं दिसत नाही. तेव्हापासून तो येतो, ओट्यावर बसतो, चहा पितो आणि काही न विचारता जातो. त्याने इतका वेळ न बोलता काढला, हे पाहून मलाच काळजी वाटते.

मी एकतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. काहीतरी लपवून बसलेलं पोर मला दारातून ओळखू येतं. तू माळ सोडलीस, म्हणजे काम साधं नाही. बाबांनी तुला ती माळ भरतीला जाताना दिली होती. गोळीबाराच्या दिवसांतही तुझी चुकली नाही, असं तूच सांगितलं होतंस.

बुधवारी काय झालं ते लिही. सुंदर लिहू नकोस, नुसतं लिही. मी कुणाच्या बाजूने न्याय करायला बसलेली नाही. मी तुझी बहीण आहे, आणि गोष्ट कितीही वाईट असली तरी ती ऐकून मी तुझी बहीणच राहणार.

इकडे उकाडा आहे. होळीगावच्या बाजारात दुधीला भाव नाही आणि मोगरा भरपूर. रोज गजरा घालते आणि म्हातारपणी मिरवते.

पत्राची वाट पाहते. मायेने,

ताई

*

॥ श्री ॥

छावणीतून
८ जून २०२५

तीर्थरूप ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

लिहितो.

बुधवारी सकाळी बाजाराकडून माणसं पळत आली. पूर्वेचं फाटक माझ्याकडे होतं. दोन हजारांवर माणसं आधीच आत होती, पाणी पुरत नव्हतं. आम्ही घेत होतो. साडेदहाला रेडिओवर वरून हुकूम आला, फाटक बंद करा, आणखी घेऊ नका, छावणी धोक्यात येते आहे. मी बंद केलं. माझ्या हाताने, कडी सरकवून.

बाहेर सदतीस जण राहिले. पहाऱ्यावरच्या माणसाला मोजायची सवय असते. मी मनोऱ्यावर चढलो आणि मोजले. ते ओरडत नव्हते. फाटकाजवळ सावलीला बसून राहिले, आम्ही उघडू असं समजून. मी लेस्लीकडून रेडिओवर चार वेळा परवानगी मागितली. चारही वेळा उत्तर आलं, थांबा. बंदूक चालवायची तर छावणीवर हल्ला झाला तरच, असा नियम. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या गाड्या आल्या. छावणीवर त्यांनी एकही गोळी झाडली नाही. त्यांना नियम आमच्याइतकाच माहीत होता.

पुढचं लिहीत नाही. सदतीसमधलं कुणी उरलं नाही.

शुक्रवारी तेच पुन्हा झालं. तेच फाटक, तशीच माणसं, चारशेच्या वर. या खेपेला मी रेडिओकडे गेलोच नाही. फाटक उघडलं, अकरा जवान घेऊन बाहेर जाऊन उभा राहिलो, आणि माणसं आमच्या मागून आत गेली. त्यांच्या गाड्या आल्या, पन्नास पावलांवर थांबल्या. आम्ही उभे. ते बघत राहिले आणि वळून निघून गेले. गोळी झाली नाही. अर्ध्या तासाचं काम होतं.

ताई, शुक्रवारी लोक माझ्या पाया पडले. आणि मला तिथेच कळलं की जे शुक्रवारी जमलं ते बुधवारीही जमलं असतं. शुक्रवार घडला नसता तर मी स्वतःला सांगू शकलो असतो की माझ्या हातात काही नव्हतं. आता तेही सांगता येत नाही. कदाचित बुधवारी गाड्या थांबल्या नसत्या, माझे जवान मेले असते. असं सोबतचे सगळे म्हणतात. खरंही असेल. पण मला ते कधीच कळणार नाही.

जगाने ऐकलं नाही याचा राग होता, तो आता उरला नाही. जग लांब होतं. मी फाटकाजवळ होतो.

पुढच्या महिन्यात चौकशीची मंडळी येणार आहेत. ज्याला सांगायचं त्याने आपणहून सांगायचं, सक्ती नाही. एक साहेब चांगल्या मनाने म्हणाले की सुभेदारसाब, शुक्रवारचं सांगा, प्रशस्तिपत्र वर गेलंय, दहा महिन्यांत निवृत्ती आहे, बुधवारचा हुकूम वरचा होता, तो वरचे बघतील. त्यांचं खोटं नाही. मी काय करू, तू सांग. मी आयुष्यभर हुकूम मागत आलो, आता तुझ्याकडे मागतो आहे.

मीराला हेही वाचू दे. पूर्ण.

लोभ राहिला तर राहू दे, मी मागत नाही.

जयराम

*

॥ श्री ॥

गास
२९ जून २०२५

चि. जयराम यास,
अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मीराने आणि मी एकत्र वाचलं. ती उठून गेली, तांदूळ निवडायला बसली, आणि निवडलेलेच पुन्हा निवडत राहिली. संध्याकाळी मला म्हणाली की त्यांना लिहा, लोभ मागायचा नसतो, तो असतो. तिचा निरोप शब्दशः दिला.

हुकूम मी देणार नाही. पण एक गोष्ट सांगते, जी तुला माहीत नाही. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास.

आपल्या खाडीच्या बांधातली उघाडी बाबांकडे होती, हे तुला आठवतं. भरतीला ते लाकडी दार पाडायचं आणि ओहोटीला उचलायचं, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. त्या श्रावणात तीन दिवस पाऊस कोसळला आणि नेमकं उधाण आलं. आत पाणी तुंबलं. सखल भागात एलिसामायचं शेत आणि गोठा. तिचा नवरा बांधावर येऊन दार उचला म्हणून ओरडत होता. बाबांनी उचललं नाही. उचललं असतं तर समुद्र आत येऊन सगळ्या गावाची शेतं खारी झाली असती. गाव वाचलं. एलिसामायची बैलजोडी दाव्याला बांधलेलीच बुडाली, भात सडलं, आणि त्या वर्षी तिचा नवरा मिठागरावर मजुरीला गेला. तिथेच छातीत पाणी होऊन पुढच्या वर्षी वारला. बॅप्टिस्टला शाळा सोडावी लागली ती त्यामुळे. बैलांची आणि तुझ्या सदतीस माणसांची मी तुलना करत नाही. ऐक फक्त.

उघाडीवाल्याचा एक रिवाज होता. आता उघाडीच राहिली नाही, सिमेंटची मोरी झाली, म्हणून रिवाजही गेला. ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी उघाडीवाल्याने अनवाणी जायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं की दार माझ्या हातात होतं. पाऊस होता, उधाण होतं, गावाचं भलं होतं, यातलं काही म्हणायचं नाही. काय झालं ते सगळं सांगायचं. घरच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं. मग त्यांनी तांब्याभर पाणी दिलं तर उभ्यानेच प्यायचं. नाही दिलं तर परत यायचं आणि पुढच्या उधाणाला पुन्हा जायचं. दार पाडणं बरोबर होतं की चूक, हे त्यात कुणी विचारत नसे. गावातला प्रत्येक जण म्हणत होता की दिनानाथ, तू बरोबर केलंस. तरी बाबा गेले.

एलिसामायने तीन वेळा पाणी दिलं नाही. दर पंधरा दिवसांनी बाबा अनवाणी जायचे आणि तसेच परत यायचे. चौथ्या खेपेला मी बरोबर होते. तिने सगळं ऐकलं, जसं पहिल्यांदाच ऐकते आहे. मग आत जाऊन तांब्या आणला. बाबांनी तो इतक्या घाईने तोंडाला लावला की निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. त्यानंतर आपल्या घरातून तिच्या शेताला लावणीला माणसं गेली नाहीत, असं एकही वर्ष नाही. तुला वाटायचं, मैत्री आहे म्हणून. मैत्री होतीच. ती त्या तांब्यानंतरची.

माफीचा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. बाबांनीही मागितली नसावी.

पुढे तू शहाणा आहेस. मीराची आणि माझी काळजी करू नकोस. बॅनरशिवाय आम्ही जगू.

तुझीच,
ताई

*

॥ श्री ॥

छावणीतून
२७ जुलै २०२५

तीर्थरूप ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी फाटकावरच वाचलं. बाबांना मी ओळखत होतो असं मला वाटत होतं.

छावणीच्या आत ताडपत्रीखाली एक बाई शिलाई मशीन चालवते. नॅन्सी तिचं नाव. आपल्याकडे दर दोन घरांआड एक नॅन्सी आहे, म्हणून लक्षात राहिलं. बुधवारी ती मशीन डोक्यावर घेऊन आत आली होती. तिचे वडील आणि धाकटी बहीण मागे होते, म्हातारा हळू चालत होता. मी कडी सरकवली तेव्हा ती आतून माझा हात धरून ओढत होती. हे मी तुला मागे लिहिलं नव्हतं.

तिच्याकडे बूट काढून गेलो. जवान बघत राहिले. दुभाष्याला म्हटलं, तुझ्या पदरचं एक अक्षर घालू नकोस. उभं राहून सगळं सांगितलं. फाटक माझ्या हातात होतं, मी बंद केलं, शुक्रवारी उघडलं ते बुधवारीही उघडता आलं असतं. ती मशीन चालवत राहिली. मी परत आलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. मी सांगायला लागलो तशी तिने मशीन थांबवली आणि दुभाष्यातर्फे विचारलं की तू वर होतास, माझे वडील शेवटी काय करत होते. ताई, मला माहीत होतं. ते उलट्या बादलीवर बसून चपलेचा पट्टा बांधत होते. पिवळी टोपी. फाटकाच्या सर्वांत जवळची सावली त्यांनी एका गरोदर बाईला दिली होती आणि स्वतः उन्हात सरकले होते. बहिणीने त्यांच्यावर काड्या मोडलेली छत्री धरली होती. एवढं सांगितलं. ती रडली, बराच वेळ. म्हणाली की चार महिने तिने त्यांना हजार तऱ्हांनी पाहिलं, पण चपलेचा पट्टा बांधताना नाही. ते तसेच होते, म्हणाली, घर जळत असतं तरी पट्टा बांधला असता. आणि त्यातच हसली. पाणी मात्र दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तीच माझ्याकडे आली. मागे वीसेक माणसं, बहुतेक म्हाताऱ्या बाया. नॅन्सीने विचारलं, तू किती जणांना पाहिलंस. मी म्हटलं, सदतीसही जणांना. बुधवारी संध्याकाळी मी वर पाठवायचा अहवाल लिहिला त्यात ‘सदतीस’ एवढा आकडा होता. पण माझ्या स्वतःच्या वहीत एकेक माणूस लिहिला होता. हिरवं लुगडं, तीन मडकी. पुढचं चाक नसलेली सायकल खांद्यावर घेतलेला उंच माणूस. डाव्या कानाला जखम झालेली आजी. का लिहिलं माहीत नाही. माळ हातात घेववत नव्हती म्हणून बहुधा पेन घेतलं.

मी एकेक वाचलं, दुभाष्याने सांगितलं. सायकलवाला म्हटल्यावर मागून एक म्हातारी उठली आणि तिने नाव सांगितलं. मी नाव पुढे लिहिलं. तिने ते अक्षर बोटाने चाचपून पाहिलं. त्या दिवशी अकरा नावं झाली. आता एकोणीस आहेत. अठरा राहिली. त्यांच्या घरचंही कुणी उरलेलं नसावं, किंवा दुसऱ्या छावण्यांत असतील. नॅन्सी तिकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर निरोप पाठवते आहे.

निघताना तिने पत्र्याच्या मगातून पाणी आणून दिलं. आपला रिवाज तिला कुणी सांगितलेला नव्हता. दुभाषा म्हणाला, ती म्हणते आहे की ही माफी नाही, पाणी आहे, पी. मी उभ्यानेच प्यायलो.

चौकशीच्या मंडळींपुढे दोन्ही दिवस सांगितले. वही जोडली. सांगून बाहेर आलो तर लेस्ली दाराशी उभा, हातात रेडिओची नोंदवही. चार वेळा परवानगी मागितली त्याच्या वेळा त्यात आहेत, आणि चार वेळा ‘थांबा’ आलं त्याच्याही. म्हणाला, साब, मीही मार्चपासून झोपलो नाही. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. आणि शेवटी कर्नलसाहेब स्वतः. त्यांनी ‘संहार’ हा शब्द वापरला असं ऐकतो. आता तो कागदावर आहे, आणि पुसता येणार नाही अशा जागी आहे.

माझं प्रशस्तिपत्र अडलं आहे म्हणे. अडू दे.

ऑक्टोबरअखेर येतो. मीराला सांग, रविवारच्या फोनवर आता थोडं जास्त बोलेन. तुम्ही सात जण दोन पावलं मागे बसा फक्त.

आशीर्वाद असू दे, आज मागतो आहे.

तुझा,
जयराम

*

॥ श्री ॥

गास
२४ ऑगस्ट २०२५

चि. जयराम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गणपती तीन दिवसांवर आलेत, म्हणून थोडक्यात.

रविवारी तू मीराशी वीस मिनिटं बोललास. आम्ही दोन पावलं मागे बसलो आणि सगळं ऐकलं.

तू फोनवर परवानगी दिलीस म्हणून तुझं पत्र बॅप्टिस्टला वाचायला दिलं. त्याने ते ओट्यावर बसून वाचलं. मग विचारलं की उघाडीची गोष्ट जयरामला ठाऊक नव्हती का. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला की मला ठाऊक होती, आणि तरी शाळा सुटेपर्यंत मी त्याच्याच बाकावर बसलो, कारण आईने तसं सांगितलं होतं. बॅनर त्याने आपल्या गोठ्यातल्या पेंढ्यावर घातला आहे. तुझं तोंड आतल्या बाजूला, भिजू नये म्हणून.

त्याने घरी आईला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी एलिसामाय काठी टेकत आपल्याकडे आली. बसली नाही. म्हणाली की जयरामला सांग, आला की सत्कार-बित्कार नंतर, आधी माझ्याकडे यायचं. त्या तिकडच्या पोरीने पानी दिलं ते चांगलं केलं, पण आपल्या गावचं पानी अजून राहिलंय. आणि यादी घेऊन ये म्हणाली. कशाला ते सांगितलं नाही. तिला विचारायची कुणाची टाप आहे?

उन्नतीचे दिवस भरत आलेत. ऑक्टोबरात मला पुण्याला लेकीकडे जावं लागेल. तुझं येणं आणि माझं जाणं चुकामूक करणार, असं दिसतं. मग तूच पत्र लिही.

माया आहेच.

ताई

*

॥ श्री ॥

गास
६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
जयरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

उन्नतीला मुलगी झाली हे कळलं. आजी झाल्याबद्दल तुझं अभिनंदन. मीरा टोपडी विणते आहे. तिसरं टोपडं आहे आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठं होतं आहे, बहुधा तिसरं मला बसेल.

घरी आलो त्या दिवशी सामान ठेवलं आणि अनवाणी एलिसामायकडे गेलो. ती अंगणात सायलीच्या कळ्या खुडत होती. तिने खुर्ची दिली नाही. मी उभं राहून सांगितलं. बुधवारपासून सुरू केलं, शुक्रवार शेवटी. हे मी चौकशीत सांगितलं होतं, नॅन्सीला सांगितलं होतं, तुला लिहिलं होतं. तरी आपल्या भाषेत, आपल्या अंगणात सांगताना दोनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. बॅप्टिस्ट दारात उभा होता, त्याने तोंड फिरवलं होतं. मग ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. पहिल्याच खेपेला. मी प्यायलो. माझाही सदरा भिजला.

तांब्या परत घेताना म्हणाली की तुझ्या बापाला मी तीनदा परत पाठवला, ते मला पुढे फार लागलं. म्हणून तुला एकदाही नाही. मग यादी मागितली.

दोन नोव्हेंबरला त्यांच्याकडे सगळ्या मृतांचा दिवस असतो, तुला माहीत आहे. चर्चमधल्या प्रार्थनेत, मिस्सात, आपापल्या घरच्या गेलेल्यांची नावं वाचतात. एलिसामायने आपल्या नवऱ्याच्या नावाखाली माझी एकोणीस नावं घालून दिली होती. फादर आधी अडले, एकही नाव धड उच्चारता येईना. म्हणून बॅप्टिस्टने मला आदल्या दिवशी त्यांच्याकडे नेलं आणि मी नॅन्सीने शिकवले तसे उच्चार करून दाखवले. आम्ही तिघं मोठी माणसं पहिलीतल्या मुलांसारखी एकेक नाव घोकत बसलो होतो. तू हवी होतीस छडी घेऊन.

त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. उपास होता. मीरा आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. फादरांनी गावातली नावं वाचली आणि मग सांगितलं की ही पुढची माणसं लांबच्या देशातली आहेत, ती दाराशी थांबली होती. एवढंच. मग एकोणीस नावं. तीनदा चुकले, तीनदा परत वाचलं. शेवटी म्हणाले, आणि आणखी अठरा जण, ज्यांची नावं देवाला ठाऊक आहेत. बोटांवर दिवसभराची कामं मोजणाऱ्या बाया त्या बाकांवर बसल्या होत्या, त्याच आधी उठल्या. ज्या माणसांसाठी इतके महिने कुणी उठलं नाही, त्यांच्यासाठी आपल्या गासमधली तीनशे माणसं उभी राहिली. फार मोठी गोष्ट नाही, ताई, मला माहीत आहे. तिकडे अजूनही जळतं आहे. पण मी ती पाहिली.

घरी येऊन माळ काढली. सुरुवातीला बोटं अडखळली. मग पुढे गेली.

आता आजची गोष्ट, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो. दुपारी लेस्लीचा फोन आला. नॅन्सीचा निरोप होता. दुसऱ्या छावणीत एक माणूस सापडला आहे. त्याची आई, डाव्या कानाला जखम झालेली आजी. तिचं नाव मिळालं. वीस झाली.

मी वही घेऊन तसाच एलिसामायकडे गेलो. तिने नाव मला दोनदा म्हणायला लावलं, स्वतः दोनदा म्हटलं, आणि मला चांगलं लिहिता येत नाही, तू लिही, म्हणून आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातला कागद पुढे केला. मी लिहिलं. मग न मागता आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मी म्हटलं, माय, पाणी तर त्या दिवशी झालं. तर म्हणाली की हे ते नाही, उन्हातून आलास म्हणून आहे, बसून पी.

बसून प्यायलो.

बाळाला माझा पापा दे. नाव ठेवलं की लगेच कळव. तुझा लोभ मला पुरून उरला आहे.

तुझा,
जयराम